डोळे मिटून दिलेला शब्द

अकोला
रविवार, १२ जानेवारी २०२५

देवश्री,

तुझा पत्ता आपल्या बैठकीतल्या केयूरकडून घेतला. त्यानं लगेच दिला नाही. "आधी तिला विचारतो," म्हणाला, आणि चार दिवसांनी मेसेजवर नुसता पत्ता आला. म्हणजे तू नाही म्हटलं नाहीस, एवढंच मी धरलं आहे. फोन केला नाही. तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. साडेसहा वर्षांनी हवापाणी काय विचारायचं? तुमच्या सांगलीला थंडी पडते की नाही हेसुद्धा मला माहीत नाही.

निमित्त सिंधूताईंचं आहे. त्या आता एक्क्याऐंशीच्या झाल्या. गुडघे गेले, डोकं तसंच आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर म्हणाल्या, "दामिनी, बैठक पुन्हा सुरू कर. अमरावतीत, अकोल्यात आता कितीतरी नवी मुलं समुपदेशनाला बसलीत. दिवसभर लोकांचं ऐकतात आणि सगळं अंगावर घेऊन घरी जातात. तू चालव. मी कोपऱ्यात बसून राहीन."

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला, तेव्हापासून नुसत्या आठवणी येताहेत.

तुला आठवते का गं आपली रविवारची गाडी? तू जठारपेठेतल्या तुझ्या खोलीवरून निघायचीस आणि मी रतनलाल प्लॉटमधून. आधी कोण पोचतं यावर आपली पैज असायची आणि ती नेहमी तूच जिंकायचीस, कारण मला पोळ्या करून निघावं लागे. मूर्तिजापूर येईपर्यंत तू एक शब्द बोलायची नाहीस, सकाळी तुझं तोंडच उघडत नसे. मग बडनेऱ्याला उतरेपर्यंत थांबायची नाहीस. ऑटोत चौघं-पाचजणं दाटीवाटीनं बसून अमरावतीचं रुक्मिणीनगर. सिंधूताईंच्या समोरच्या खोलीत सतरंजी आधीच घातलेली असायची, आणि पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. त्या शांततेत शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायची, हे तुला कधी सांगितलं नाही. नितेश अचलपूरहून एसटीनं यायचा, तो नेमका त्या दहा मिनिटांत दार वाजवायचा. सिंधूताई डोळे न उघडता म्हणायच्या, "ये रे, देवासारखा उशिरा ये."

माझ्या आईला कळायचंच नाही की आम्ही दर महिन्याला एवढं कशासाठी जातो. एकदा तिनं विचारलं, "तुमी दिवसभर दुसऱ्याईचं आयकता, मंग तुमचं कोण आयकते?" मी म्हटलं, "माय, त्याच्यासाठीच तं जातो." कागदोपत्री 'गट सुपरव्हिजन' म्हणत असतील, पण आईच्या त्या प्रश्नाएवढं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि एक वाजता जेवणाला गिलावडा. ताक तू करायचीस. नेहमी मीठ जास्त.

तू का गेलीस ते मला कधी नीट कळलं नाही. वाद झाला होता, पण वाद कुठे होत नाहीत? असो. बैठक पुन्हा सुरू करायची तर तुला विचारल्याशिवाय करू नये असं वाटलं, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती माझ्याकडे. पंचविशीची. तिच्याबद्दल पुढे कधी तरी लिहीन.

तुझी
दामिनी

अकोला
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

देवश्री,

उत्तर आलं नाही. यावं असं काही मी लिहिलंही नव्हतं. ते पत्र टाकून आले आणि तेव्हापासून एक ओळ डोक्यात खुपते आहे. "तू का गेलीस ते मला कधी नीट कळलं नाही." ते खरं नाही. मला कळलं होतं. तेव्हा पूर्ण नाही, पण पुरेसं कळलं होतं.

ती जी मुलगी आली होती ती आचल. बार्शीटाकळीची. तिचं नाव तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. "देवश्री मॅडमले लिहिता? मंग लिहा, नावासगट लिहा," असं म्हणाली.

ती माझ्या खोलीत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, आईनं पाठवलं. ती म्हणते, त्या मॅडमले पुसून ये, अजून वाट पाहू का आता राहू देऊ."

मला एक मिनिट कशाचाच संदर्भ लागला नाही. मग लागला, आणि मी उठून दार लावून घेतलं.

तिची आई मनकर्णाबाई. तुला माझ्या तोंडून ती बैठकीत 'म. बाई' म्हणून माहीत आहे. तिचा नवरा शेषराव बार्शीटाकळीत शिंपी होता. २०१७च्या नोव्हेंबरात एक दिवस अस्तराचं कापड आणि बटणं आणायला अकोल्याला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे शोधलं, कुठेच पत्ता नाही. दीडेक महिन्यानं ती माझ्याकडे आली. पण ती दामिनीकडे आली नव्हती, देवश्री. ती नत्थुजीच्या नातीकडे आली होती.

माझ्या आजोबांबद्दल मी गाडीत तुला हसत हसत सांगितलं होतं. दर्यापूरकडे कुणाचा बैल हरवला की लोक त्यांच्याकडे यायचे. ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पूर्णेच्या अंगानं पाय," म्हणजे नदीच्या बाजूला पाहा. बैल सापडायचा. सापडला नाही की लोक विसरून जायचे. मनकर्णाबाईचं माहेर त्याच भागातलं. तिनं खुर्चीत बसता बसता विचारलं, "तुमी नत्थुजीच्या नात ना?" मी एम.ए. केलं, पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं, तिथे माझ्या बोलण्याला लोक हसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माझ्या आजोबांच्या नावानं ओळखलं. मला ते फार गोड वाटलं.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मले बाकी काई नोको बाई. हो का नाई, तेवढं सांगा."

मी डोळे मिटले. सिंधूताईंनी शिकवल्यासारखं शांत बसले होते, तिच्या दुःखासोबत. आणि मला दिसलं. कुठल्याशा अनोळखी गावात लिंबाच्या झाडाखाली एक माणूस मशीनवर वाकलेला आहे. डोळे उघडले आणि मी म्हटलं, "ते जिवंत आहेत. येतील."

असं म्हटलं मी, आणि त्यापुढे "मला वाटतं" किंवा "कदाचित" यातलं काहीच जोडलं नाही.

त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर, असं पुढच्या वेळी तिनंच सांगितलं. झोपायला लागली. कामाला जायला लागली. मी बैठकीत ही केस मांडली तेव्हा हे सगळं सांगितलं. फक्त मधलं एक वाक्य गाळलं.

आज एवढंच. पुढचं लिहायला हात धजत नाही.

दामिनी

अकोला
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

देवश्री,

तुझं कार्ड आलं. उलटसुलट करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. नव्हतं. "पत्रं मिळाली. तिला सांगितलंस का?" बस. तुझं अक्षर अजून तसंच उभं, ताठ.

नाही सांगितलं. आचलला म्हटलं, मला थोडा वेळ दे. तिनं मान हलवली. जाता जाता दारात म्हणाली, "मॅडम, एक सांगू? मी तवा देवश्री मॅडमले सगळं सांगतलं होतं. बारावीत असताना, त्या आमच्या कॉलेजात पोराईशी बोलाले येत, तवा. तुमचं नाव पण. मीच त्याईले शपथ घातली होती, कोनाले सांगू नका म्हणून. आईले मालूम पडलं असतं तं तिनं माहं शिक्षणच बंद केलं असतं."

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. पुढचा माणूस बाहेर वाट पाहत होता, त्याला परत पाठवलं.

आता २०१८च्या जुलैतली ती बैठक लिहिते. तुला माहीत आहे सगळी, पण मी ती कधी माझ्या बाजूनं खरी सांगितली नाही.

एप्रिलमध्ये तू पहिल्यांदा विचारलंस, "ही बाई एकदम कशानं सावरली?" मी म्हटलं, ध्यानानं. मे महिन्यात पुन्हा विचारलंस. जुलैमध्ये तू वहीत न पाहता सरळ माझ्याकडे पाहून म्हणालीस, "दामिनी, तू तिला काही शब्द दिला आहेस का? तो येईल असं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

तू गप्प झाली असतीस तर बरं झालं असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तू गप्प झाली नाहीस. तू म्हणालीस, "असा शब्द दिला असेल तर त्या घरात दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य थांबलेलं असेल. ते तपासून पाहा."

मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तुम्ही शहरातली शिकलेली माणसं. तुमच्या घरी पोथी असते तेव्हा ती अध्यात्म, आणि आमच्या घरी माणूस डोळे मिटतो तेव्हा तो अडाणीपणा. तुझ्याकडे लोक टिकत नाहीत म्हणून माझ्या लोकांवर डोळा ठेवू नकोस."

नितेश म्हणाला, "देवश्री, हे जरा जास्तच होऊन राह्यलं." केयूर खाली पाहत होता. सिंधूताईंनी तुला विचारलं, "तुझ्याकडे काही आधार आहे?"

तू खूप वेळ थांबलीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. तुला काही तरी माहीत आहे, हे मला त्या क्षणी कळलं देवश्री. कसं माहीत ते नाही कळलं, पण आहे हे कळलं. आणि तू बोलू शकत नाहीस हेही कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

तू म्हणालीस, "सांगता येणार नाही."

"मग असं बोलू नये," सिंधूताई म्हणाल्या.

तू उठलीस, आत जाऊन तुझा कप विसळलास, पालथा घातलास, आणि चपला घालून निघून गेलीस. परतीच्या गाडीत मी एकटी होते. मूर्तिजापूरला चहा घेतला. चांगला लागला. तेही लिहून टाकते.

तू त्या मुलीची गोष्ट पोटात ठेवलीस आणि बदल्यात बैठक घालवलीस, सिंधूताई घालवल्या, पुढे वऱ्हाडच सोडलंस. मी मात्र सात वर्षं 'अनुभवी' म्हणून लोकांना शिकवत राहिले.

पुढच्या रविवारी बार्शीटाकळीला जाणार होते. आचलनं पंधरा तारखेनंतर या म्हटलंय, तोवर हरभऱ्याची कामं आहेत. मी बरं म्हटलं. खरं सांगू? पंधरा दिवस मिळाले म्हणून हायसं वाटलं.

दामिनी

अकोला
रविवार, १६ मार्च २०२५

देवश्री,

आज जाऊन आले. हातपाय धुतले आणि लगेच लिहायला बसले आहे.

घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत शेषरावांची मशीन, तिच्यावर स्वच्छ कापड घातलेलं. मनकर्णाबाई आता पन्नाशीच्या, दिसतात साठीच्या. कपाळाला मोठं कुंकू. सुपात हरभरा निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सारखा केला, "या मॅडम, या," म्हणाल्या, आचलला चहा ठेवायला सांगितलं. दीर उत्तमराव ओट्यावर बसले होते, ते रामराम करून निघून गेले. सात वर्षं झाली की माणूस नाही असं कोर्टात धरता येतं, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. कागद करून घ्यावेत असं ते म्हणतात. मनकर्णाबाई म्हणत होत्या, मॅडम हो म्हणतीन तवाच.

वाटेत जीपमध्ये मी वाक्यं जुळवली होती. तिथे बसल्यावर एकही आठवलं नाही.

मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं की ते जिवंत आहेत, येतील. मला ते माहीत नव्हतं. तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही."

त्यांचे हात हरभऱ्यातच होते. म्हणाल्या, "मंग डोये मिटून काय पायलं तुमी?"

"मला जे दिसावंसं वाटत होतं ते."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे सात वर्सं मी तुमच्या डोयातलं पाहून राह्यली होती."

मी हो म्हटलं.

सूप बाजूला ठेवलं त्यांनी. आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "माह्या पोरीले नागपूरले नर्सिंगले नंबर लागला होता. तिनं मले हात जोडले. मी म्हणलं, नाई. मी कामाले जाईन अन् इकडं तुहा बाप आला तं घरी कोनी पायजे. मॅडमनं सांगतलं हाय. पोरगी रडली नाई, बोलली नाई, कागद फाडला अन् चुलीत घातला. आता इथंच पोराईच्या शिकवण्या घेते. तुमाले मालूम हाय का हे?"

"आता समजलं."

"तवा काहून नाई पुसलं?"

काय सांगू? मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला थांबावं लागलं असतं. मी म्हटलं, "पुसायला पाहिजे होतं. मला एकीनं सांगितलं होतं, तपासून पाहा म्हणून. मी तिचं ऐकलं नाही. उलट तिलाच खोटं ठरवलं."

आचल चहा घेऊन दारात उभी होती. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. आणि म्हणाल्या, "मले रडू द्या आता. एवढ्या वर्सात रडली नाई मी. जितं माणूस हाय म्हणल्यावर रडावं कसं? कुकवाले अपशकुन होईन म्हणून आसू आला तं आतल्या आत गियून घेतला."

आणि रडल्या. मी असं रडणं ऐकलेलं नाही गं, एवढी वर्षं हाच धंदा असून. माझा हात पुढे जात होता, मी तो मांडीखाली दाबून धरला. त्यांना माझ्या हाताची गरज नव्हती. आचल चहा तिथेच ठेवून आईजवळ जाऊन बसली, आणि दोघी एकमेकींना धरून राहिल्या. मी तिथे असून नसल्यासारखी होते. मला वाटतं, सात वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा माझ्या जागेवर होते.

निघताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी अशी लगेच नाई देता येत बाई. तुमी आता येऊ नका." मग आचलकडे पाहून, "मले कोनाशी तरी बोला लागीन. पोरीनं मले काल सांगतलं. ज्या मॅडमनं माह्या पोरीची गोठ पोटात ठेवली, त्या बोलतीन का माह्यासंगं?"

हे विचारायलाच पत्र लिहिते आहे. आचलचा नंबर खाली देते. हो म्हण किंवा नाही म्हण, पण जे काही सांगायचं ते तिलाच सांग. मला कळवायचं कारण नाही.

दामिनी

अमरावती
रविवार, १३ एप्रिल २०२५

देवश्री,

रुक्मिणीनगरातून लिहिते आहे. सतरंजीवरच बसून.

आज सिंधूताईंनी केयूरला आणि नितेशला बोलावलं होतं, बैठक कशी सुरू करायची ते ठरवायला. नितेश आता परतवाड्याच्या व्यसनमुक्ती केंद्राचा प्रमुख झालाय, दाढी पांढरी झालीय, पण उशीर तेवढाच. दहा मिनिटं शांत बसलो. मग मी म्हटलं, आधी मला एक केस मांडायची आहे. आणि सगळं मांडलं. तू कशावरून बोलत होतीस तेही, कारण आचलनं परवानगी दिली होती.

नितेश खूप चिडला. "आमी तुह्यावर भरोसा ठेवून तिला गप्प केलं. मी केलं. तू तवा माह्याकडं पाहून हसली होतीस." मी हसले होते हे मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

केयूर एवढंच म्हणाला, "मला शंका होती. मी बोललो नाही. ते माझं."

सिंधूताई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं आता मला रागवतील. त्या म्हणाल्या, "माणूस देव घेऊन आला तर देवाला बाहेर चपलांपाशी ठेवायला सांगू नका, पण तुम्ही पुजारी होऊ नका, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. आणि पुजाऱ्यासारखी मीच बसले होते इथे. देवश्री सांगता येणार नाही म्हणाली तेव्हा तिचं तोंड पाहायला हवं होतं मी. मी आधार मागितला. जी दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत होती तिच्याकडे आधार मागितला मी."

शेवटी निकाल दिला. बैठक केयूर चालवेल. मी सहा महिने एकही नवीन माणूस घ्यायचा नाही, आणि जे आहेत त्या प्रत्येकाबद्दल दर आठवड्याला केयूरशी बोलायचं. त्यांच्यापैकी कुणाला मी असा शब्द दिला आहे का, ते शोधायचं. मी आधीच शोधलं आहे. आणखी दोन सापडले, एवढे मोठे नाहीत, पण आहेत. त्यांच्याकडे जाऊन आले.

सिंधूताईंचा हात आता थरथरतो. त्यांनी मला सांगितलं तसं लिहिते, शब्द त्यांचे.

"देवश्री, बाळ, तू त्या दिवशी कप धुऊन पालथा घालून गेलीस. मी संध्याकाळी तो पाहिला आणि मला राग आला, की एवढं शांतपणे कुणी जातं का. शांतपणा नव्हता तो, हे आज कळलं. मी पंचवीस वर्षं ऐकायला शिकवलं आणि तुझं ऐकलं नाही. मला फार दिवस नाहीत म्हणून हे लिहीत नाही, तसं समजू नकोस. दिवस असते तरी लिहिलं असतं. सिंधू."

शेवटी 'ताई' लिहू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

दामिनी

अकोला
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

देवश्री,

सिंधूताईंनी तुझं पत्र मला दाखवलं नाही. नुसतं सांगितलं की आलं, लांब आहे, आणि त्या ते रोज थोडं थोडं वाचतात. मी विचारलं नाही, काय लिहिलंय.

तू मनकर्णाबाईंशी दर शनिवारी बोलतेस हे मला आचलकडून कळलं. ती निरोप घ्यायला आली होती. काय बोलता ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला एवढंच सांगून गेली की आईनं काकांना बोलावून म्हटलं, "कागद करा. पण कुकू मी माह्या हातानं पुसीन, तवाच पुसीन. कोर्टाचा त्याच्यासंगं काई संबंध नाई." उत्तमराव म्हणे खाली मान घालून हो म्हणाले.

आणि आचलला नागपूरला नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला प्रवेश मिळाला. पंचविसाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या मुलींबरोबर. "मले त्या पोरी आतापासूनच ताई म्हणून राह्यल्या," असं हसत सांगत होती.

आज सकाळी मी बैठकीला निघाले होते. अकोल्याच्या स्टेशनवर पोचले तर समोरच्या बाकावर त्या दोघी. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या, एक नवी बादली. नागपूरच्या गाडीला वेळ होता. मनकर्णाबाई पिशवीचं तोंड सुतळीनं आवळत होत्या, पुन्हा सोडून पुन्हा आवळत होत्या, आणि आचल म्हणत होती, "आई, राहू दे ना, फाटीन." मी खांबाजवळ थांबले. आचलला दिसले, तिनं मान हलवली. मनकर्णाबाईंनी वर पाहिलं.

ओळखलं त्यांनी मला. बघत राहिल्या, किती वेळ ते सांगता येणार नाही. हसल्या नाहीत, बोलावलं नाही, मान फिरवलीही नाही. मग पुन्हा सुतळीकडे वळल्या. गाडी आली तेव्हा त्या डब्यात चढल्या, सामान लावून दिलं, खाली उतरल्या आणि खिडकीला धरून गाडीबरोबर चार पावलं चालल्या. गाडी गेल्यावर फलाटावर एकट्या उभ्या होत्या. त्यांना आता घरी कुणासाठी थांबायचं नव्हतं आणि कुणाला थांबवायचंही नव्हतं. मी जावं असं फार वाटलं. त्यांनी येऊ नका म्हटलं होतं, मी गेले नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि जिन्याकडे गेल्या.

माझी गाडी चुकली. पुढच्या गाडीनं गेले, बैठकीला तासभर उशिरा पोचले. केयूरनं कारण विचारलं, मी सांगितलं. नव्या मुलांपैकी एकीनं, मोनाली नाव तिचं, धामणगावची आहे, मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला तिनं माफ करावं असं वाटत होतं का?" तिच्या वयाच्या पोरीनं मला असं विचारायची छाती पूर्वी झाली नसती. मी म्हटलं, "हो. खूप." ती म्हणाली, "मग ते तुमचं. तिचं नाही." चांगली होणार आहे ती पोरगी. तुला आवडेल.

या महिन्यात माझे सहा महिने संपतात. केयूर म्हणाला, नवीन माणसं घ्यायला हरकत नाही. मी आणखी थोडं थांबते म्हटलं.

या पत्राच्या शेवटी "उत्तराची अपेक्षा नाही" असं लिहिलं होतं. मग ते खोडून हा कागद नव्यानं उतरवला. अपेक्षा आहे, देवश्री. रोज दुपारी पोस्टमन येतो त्या वेळी मी काही ना काही काम काढून ओट्यावर येते.

दामिनी